तिसरा दिवा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला केला नसेल इतका अभ्यास मी एका हिवाळ्यात सायकलच्या दिव्यांचा केला. त्यासाठी एक्सेलचं शीट होतं. मॉडेल, बल्बचा प्रकार, किती वॅट, बॅटरी कसली, एकदा चार्ज केली की किती तास चालते, कडाक्याच्या थंडीत त्यातले किती तास उरतात, वजन किती. सगळ्यात शेवटचा कॉलम होता 'प्रत्यक्षात किती दिसतं'. ही माहिती कुठल्याच वेबसाइटवर नव्हती, तो कॉलम मी स्वतः भरायचो. आणि तो काही केल्या मनासारखा भरत नव्हता.

तेव्हा मी तिशीचा होतो. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. पुण्याहून मी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला, चिप तयार करायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आलो होतो. आमच्या विभागाचं काम आरशांचं आणि भिंगांचं. इतकं नाजूक की शेजारी कुणी दार आपटलं तरी मोजमाप बिघडावं. घर मात्र सात किलोमीटरवरच्या एका खेड्यात मिळालं. बस तासाला एक, आणि तीसुद्धा आपल्याला हवी तेव्हा नाही. ऑफिसात लहानथोर सगळेच सायकलनं यायचे. मीही सायकल घेतली.

त्या सातांतले मधले तीन किलोमीटर शेतांमधून जायचे. एका अंगाला कापलेल्या मक्याची शेतं, दुसऱ्या अंगाला पाण्यानं भरलेला चर, आणि वाटेवर दिवा एकही नाही. रात्री फिरणाऱ्या प्राण्यांना त्रास नको म्हणून मुद्दामच लावलेले नाहीत, असं घरमालकानं मला अभिमानानं सांगितलं. मी मान डोलावली. माणसांच्या त्रासाचं काय, हे विचारायचं राहून गेलं. नोव्हेंबर लागला की सकाळी आठला अंधार आणि संध्याकाळी पाचला पुन्हा अंधार. उजेड म्हणजे ऑफिसच्या खिडकीबाहेरची गोष्ट होती.

पहिला दिवा सायकलबरोबरच आला. आगपेटीएवढा, हँडलला चिमट्यानं अडकवायचा. तो लावून पहिल्या संध्याकाळी मी त्या वाटेवर गेलो आणि शंभर पावलांवर गवतात शिरलो. उतरलो, सायकल हातात धरून चालत निघालो. मागून एक आजी, सत्तरीच्या तरी असतील, तसल्याच मिणमिणत्या दिव्यावर सुसाट पुढे निघून गेल्या. मला वाटलं, त्यांना वाट पाठ असेल.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानात जाऊन मी दिव्याबद्दल तक्रार केली. दुकानदार शांत माणूस होता. म्हणाला, "हा दिवा तू इतरांना दिसावास म्हणून आहे. तुला दिसावं म्हणून नाही."

"मग मला दिसावं म्हणून काय आहे?"

त्यानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. मग मागच्या खोलीतून जंगलात सायकल चालवणाऱ्यांसाठीचा हॅलोजन दिवा घेऊन आला. त्याची बॅटरी पाण्याच्या बाटलीच्या आकाराची, बाटलीच्याच जागी बसवायची. रोज घरी आलं की काढायची, चार्जिंगला लावायची, सकाळी पुन्हा बसवायची. वजन असं की सायकल उचलायला दम लागायचा. हा माझा दुसरा दिवा.

त्यानं थोडं भागलं. वाट दिसायला लागली, निदान चाकापुढची. पण आता समोरून येणारे लोक ओरडायला लागले. त्यांचं डच मला कळत नव्हतं, पण सूर कळत होता. पुण्यात समोरच्याच्या तोंडावर अप्पर मारणं हा काही गुन्हा नाही, तो एक प्रकारचा संवाद आहे. ज्याचा दिवा मोठा त्याचा रस्ता, हे आपण वयाच्या अठराव्या वर्षापासून गृहीत धरतो. इथे एक बाई माझा उजेड पाहून सरळ खाली उतरल्या, डोळ्यांवर हात धरून कडेला उभ्या राहिल्या आणि मी जवळ आल्यावर स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही लोकांना आंधळं करताय." मी माफी मागितली आणि दिवा खाली वळवला. बाई दिसेनाशा झाल्यावर पुन्हा वर केला.

मला रागच यायचा तेव्हा. त्या बाईचा, दिवे न लावणाऱ्या नगरपालिकेचा, बॅटरी बनवणाऱ्यांचा. दिवाच बोगस आहे, अशी माझी खात्री होती. ती पक्की करायला मी लॅबमधलं उजेड मोजायचं यंत्र घेतलं आणि दुपारच्या सुट्टीत तळघराच्या अंधाऱ्या बोळात माझा आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा दिवा मोजला. माझा दिवा त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर निघाला. आकडा बघून मला बरं वाटायला हवं होतं. मी तो दोनदा पुन्हा मोजला.

हा सहकारी पन्नाशीचा डच माणूस, माझ्याच वाटेनं पुढच्या गावाला जायचा. डिसेंबरात एकदा आम्ही बरोबर निघालो. त्याच्या डायनामोची तार तुटलेली, त्यामुळे दिवा बंद. मी म्हटलं, माझ्या उजेडात चल. शेतांच्या मध्यावर तो म्हणाला, "तुझा दिवा जरा बंद करतोस? त्यानं मला काही दिसत नाहीये."

मी थांबलो आणि बंद केला. काळंकुट्ट. डोळे मिटले काय आणि उघडले काय, फरक नाही.

"आता कसं छान दिसतंय," तो म्हणाला. "ते बघ, ससे. तीन. नाही, चार आहेत."

तो कुठल्या दिशेला हात करतोय, हेसुद्धा मला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "हो, छान आहेत."

उरलेली वाट मी त्याच्या गप्पांना हं हं करत कापली. आकाशात ढग होते, चंद्र नव्हता, आणि त्या माणसाला तेवढ्या उजेडात चार ससे मोजता येत होते. म्हणजे ती आजी वाट पाठ म्हणून जात नव्हती. तिला दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं.

त्या संध्याकाळी मला मामा आठवला, आईचा भाऊ. तो दिवेलागणीनंतर बाहेर पडत नसे. लग्नकार्यात संध्याकाळचं जेवण असलं की मामी त्याचा दंड धरून पंगतीत बसवायची. 'त्याचे डोळे नाजूक आहेत' एवढंच घरात बोललं जायचं. पंचेचाळिशीला तो भर दुपारीही दाराच्या चौकटीला धडकायला लागला. आणि मी? संध्याकाळी क्रिकेट खेळताना चेंडू फक्त मलाच सापडायचा नाही. सिनेमाच्या अंधारात मी लोकांच्या मांडीवर बसायचो आणि मित्र हसायचे. मी धांदरट आहे, असं आमच्याकडे ठरून गेलं होतं. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ट्यूबलाइट असल्यामुळे ते खपून गेलं.

जानेवारीत मी चरात पडलो. वळण होतं, ते मला दिसलं नाही. बर्फासारखं पाणी छातीपर्यंत आलं, तोंडात चिखल गेला. सायकल खाली गेली आणि दिवा पाण्यातही जळत राहिला, हिरवट. मी गवत धरून वर आलो आणि तिथेच बसून रडलो. लागलं होतं म्हणून नाही. मी घाबरलो होतो.

रविवारी आईला फोन केला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात आई आणि माझी धाकटी बहीण. बहीण बँकेत होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "आई, मला मामासारखं होतंय का गं?"

तिनं आधी खोलीचं दार लोटून घेतलं, तो आवाज मला ऐकू आला. मग हळूच म्हणाली, "कधीपासून?" म्हणजे तिनं आश्चर्यसुद्धा दाखवलं नाही. मी सांगितलं. ती म्हणाली, "हे बघ, नाशिकचं स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. तिचं ठरू दे. तोपर्यंत तू डॉक्टरकडे जाऊ नकोस. एकदा कागदावर आलं की ते घराण्यात आहे म्हणून होतं, आणि मग तिच्याकडे कोण बघणार? तू असं कर, सायकलला चांगला मोठा दिवा घे."

मी तिला दोष देत नाही. मला हेच ऐकायचं होतं. डॉक्टरकडे जायची माझी हिंमत नव्हती, आणि आता न जाण्याला बहिणीच्या लग्नाचं सोज्ज्वळ कारण मिळालं. मी लगेच कामाला लागलो.

एक्सेलचं शीट तेव्हाचं. महिनाभर मी घरी आलो की कॉम्प्युटरपुढे बसायचो. जंगलात सायकल दामटणाऱ्या इंग्रज आणि जर्मन लोकांच्या चर्चा वाचायचो. निकेलची बॅटरी थंडीत दगा देते, लिथियमची हलकी पण नवीन, तिची खात्री कोण देणार. एलईडी अजून पोरसवदा होते. शेवटी गाड्यांना असतो तसा, वायूच्या नळीत ठिणगी पेटवून उजेड करणारा दिवा मी ठरवला. लावल्यावर आधी निळसर व्हायचा, मग काही सेकंदांत पांढराशुभ्र. तो जर्मनीहून पार्सलनं आला. पहिल्या संध्याकाळी त्या शेतांमध्ये मी तो लावला आणि लांबवरच्या झाडाच्या फांद्या मला मोजता आल्या. त्या उजेडाच्या बाहेर मात्र काहीच नव्हतं. नळकांड्यातून बघावं तसं. तरी मी खूश होतो. शेवटच्या कॉलममध्ये मी 'उत्तम' लिहिलं.

तो दिवा चांगला होता, तिथेच घात झाला. तो बिघडला असता, चरात आणखी एकदा पडलो असतो, तर झक मारत डॉक्टरकडे गेलो असतो. पण त्यानं माझी वेळ मारून नेली. उरलेला हिवाळा पुरता निभावला. लोक शिव्या देत होते, मी मान खाली घालून त्यांना ओलांडत होतो.

फेब्रुवारीत नाशिकहून मुलाच्या वडिलांचा फोन आला. आमच्याकडे बाबा नाहीत, तेव्हा बोलणी थोरल्या भावाशी. फार सभ्य गृहस्थ. हवापाणी झालं, मानपान काही नको म्हणाले, मग जरा अडखळत म्हणाले, "एक रीत म्हणून विचारतो, रागावू नका. तुमच्याकडे कुणाला काही आनुवंशिक वगैरे?"

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही."

इतकं सहज आलं तोंडातून की मलाच नवल वाटलं. ते "बरं, बरं" म्हणाले आणि आम्ही तारखांकडे वळलो.

लग्न मे महिन्यात झालं. सकाळचा मुहूर्त मीच आग्रहानं धरला होता, संध्याकाळच्या स्वागत समारंभात एका मित्राला चिकटून राहिलो. बहीण आनंदात होती. ती सासरी गेली आणि मी परत येऊन सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी मला एका पांढऱ्या अर्धगोलात बघायला लावलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, मशीन बंद पडलंय, कारण बराच वेळ ठिपका येतच नव्हता. तो येत होता. मग डॉक्टरांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले, पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल. मामाचा चौकोन काळा केला, माझा काळा केला. आईच्या गोलात एक टिंब दिलं, म्हणजे दोष तिच्याकडून आलेला, तिला स्वतःला त्रास नाही. औषध नाही, अंधार कडेनं हळूहळू आत आत येत जाईल, असं डॉक्टरबाई न कचरता म्हणाल्या. मग पेन बहिणीच्या गोलावर ठेवून विचारलं, "ह्यांना मुलं आहेत?"

"अजून नाहीत."

"मग आत्ताच सांगा. त्यांच्यात हे असण्याची शक्यता निम्मी आहे. असेल तर त्यांना स्वतःला फारसा त्रास नाही, पण मुलगा झाला तर त्याला निम्मी शक्यता. मुलं होण्याआधी हे कळण्याचा त्यांचा हक्क आहे." मी हो म्हणालो. हो म्हणायची मला सवयच लागली होती.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "नवा संसार आहे, जरा रुळू दे." मी रुळू दिलं. डिसेंबरात बहिणीचाच फोन आला. आवाजावरूनच कळलं. तिसरा महिना होता. मी अभिनंदन केलं, तब्येतीला जप म्हणालो, फोन ठेवला आणि तसाच अंधारात बसलो. त्या दिवसापासून मला स्वतःची किळस यायला लागली, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण आमच्याकडे, पुण्याला होतं. मी आठ दिवसांची रजा काढून गेलो, समोर बसून सांगायचं ठरवून. आई स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली, "आता नको रे. बाळंतपण होऊ दे." मी हात सोडवून घेतला, पण त्या सकाळी काही बोललोही नाही.

झोपाळा फुलांनी सजवला होता. बहीण हिरव्या साडीत, दंडावर, कपाळावर फुलांचे दागिने. ओटी भरून झाली. मग तिच्यापुढे झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा बायकांचा खेळ. मी दारात उभा होतो, भरदुपारी, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं. तिनं हसत उजवीकडची वाटी उघडली. पेढा. बायकांनी टाळ्या वाजवल्या, नाशिकहून आलेल्या नणंदेनं तिथूनच मोबाइलवर कुणाला तरी कळवलं. आईच्या हातातलं तबक कलंडलं, तांदूळ सांडले, आणि ती ते न भरता आत निघून गेली. बहिणीनं तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे.

पाहुणे गेल्यावर ती खोलीत फुलं उतरवत बसली होती. मला म्हणाली, "दार लाव. आई आत जाऊन रडत होती. दादा, काय आहे?"

मी सांगितलं. मामा, सायकल, चर, डॉक्टरांचा कागद, सगळं. तिच्या सासऱ्यांच्या फोनवर मी काय बोललो, तेही. ती मांडीवरची शेवंती एक एक पाकळी करून सुटी करत होती.

मग म्हणाली, "म्हणजे हे तुम्हाला माझ्या लग्नाच्या आधीपासून माहीत होतं."

"हो."

"आणि मला विचारावंसं कुणालाच वाटलं नाही."

"तुझं लग्न मोडलं असतं गं."

"लग्न ठरायच्या आधी, दुसऱ्याच भेटीत त्यानं मला सांगितलं होतं, की त्याच्या आईला फिट्स येतात, बघ तुला चालेल का. मी चालेल म्हटलं. घरी बोलले नाही, कारण आई नको म्हणाली असती." तिनं पाकळ्या मुठीत धरल्या. "मीपण त्याला सांगितलं असतं, दादा. तो थांबला असता. आणि नसता थांबला, तर ते मी बघितलं असतं. आता काय बघू?"

मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली आणि तसंच सोडून दिलं. मग उशीखालचा मोबाइल काढून नवऱ्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "खोटं तू बोललास. तू सांग."

दोनदा रिंग झाली, फोन उचलला गेला आणि मी माझं नाव सांगितलं. मागे हसण्याबोलण्याचा आवाज होता, घरी माणसं जमली असावीत. मग आमचे जावई मोठ्यानं म्हणाले, "बोला दादा. पेढा निघाला म्हणे."